साडेपाच किलोंचा आराम

बॅग निवडायची गोष्ट निघाली, की माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नाही. सुरतेतली माणसं साडीचा काठ चिमटीत धरून कापड ओळखतात, मी चेन एकदा पुढे-मागे ओढून बॅगेचं आयुष्य सांगते. म्हणून सुमितच्या पाठीचं प्रकरण माझ्याकडे आलं, तेव्हा मी जाहीर केलं, आठ दिवसांत निकाल लावते!

सुमित म्हणजे माझा नवरा. रोज पांडेसऱ्याहून हजीऱ्याच्या एका कंपनीत मोटरसायकलने जातो. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, आणि पाठीवर लॅपटॉप, डबा, बाटली असा सगळा संसार. ही पाठ त्याला जन्मापासूनच असणार, पण तिचा शोध त्याला लेक झाल्यावर लागला. संध्याकाळी मी बाळ पुढे केलं, की पाठ भरून यायची. टीव्हीचा रिमोट पुढे केला, की उतरायची. "घेतलं असतं गं, पण बॅगेने खांदे पार गेलेत," असं तो इतक्या दुःखाने म्हणायचा, की मलाच शेकायची पिशवी आणावीशी वाटायची.

मला हवा होता रोजचा एक तास. लेक तीन महिन्यांची. तिची टाळू हुंगत मी दिवसच्या दिवस बसून राहीन, तिची मूठ माझ्या गाऊनच्या बटणाभोवती मिटली की मी खाजवायचंसुद्धा टाळते. पण मध्ये तासभर कुणीतरी तिला धरावं आणि मी दोन्ही हात मोकळे टाकून बसावं, एवढंच. बॅग आरामाची मिळाली तर पाठ दुखणार नाही, पाठ दुखली नाही तर तास मिळेल. जगात इतकं सरळ काही नसतं, हे मला कळायला हवं होतं.

तीन बॅगा घरपोच मागवल्या. आवडली नाही तर आठ दिवसांत परत. अट एकच, ओरखडा नको. आता वजन घालून पाहायला हवं. सुमितची भरलेली जुनी बॅग ताणकाट्याला लटकवली. साडेपाच किलो. बरोबर आमच्या लेकीएवढं, परवाच डॉक्टरांच्या कार्डावर लिहून आणलं होतं. लेकीला बॅगेत घालण्याइतकी मी पोचलेली नाही, म्हणून सासूबाईंचा भुसावळहून आलेला दगडी वरवंटा घेतला, वर तूरडाळीचे दोन पुडे. वरवंटा गोधडीत, गोधडी बॅगेत, बॅग पाठीवर, आणि मी खाली पार्किंगमध्ये उभ्या मोटरसायकलवर!

पहिली बॅग एका खांद्यावरची. वळणाचा नुसता विचार केला तरी घसरून पोटावर यायची. दुसरी कासवाच्या पाठीसारखी टणक. हेल्मेट घालून मान वर केली, की टक्क! सिग्नल बघायचा तर गाडीसकट मागे कलंडावं लागलं असतं. आमचे वॉचमन बाबुराव हे सगळं लांबून बघत होते. गाडी उभी, वर मी, आणि गाडीचा आवाजही मीच काढतेय. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, सूनबाईंना बरं आहे ना.

तिसरी बॅग राहिली आणि बारसं येऊन ठेपलं. बारसं लांबलं होतं माझ्या नणंदेच्या रजेपायी. अश्विनीताई जळगावला शिक्षिका. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्याची परतीची गाडी दुपारी अडीचची. त्यात सुमितला कंपनीत अर्ध्या तासाचं काम निघालं. अकराला परत येतो म्हणाला.

आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला बाळासारखं नटवून पाळण्यात घालतात, मग बाळाला. सासूबाईंनी सकाळीच वरवंट्याला अंघोळ घातली, झबलं चढवलं, टोपडं बांधलं, हळदकुंकू लावलं, गालावर काजळाची तीट दिली. बाळाशेजारी ठेवला तेव्हा दोघांत तोच जास्त शांत दिसत होता. आणि मला आठवलं, बॅग परत करायची आज शेवटची मुदत!

वरवंटा तोच, वर कपडे घातलेले, म्हणजे ओरखड्याचीही भीती नाही. दहा मिनिटांत आणून ठेवते, असं मनातल्या मनात म्हणत ओढणीखाली घेऊन उतरले. डाळ भरली, पट्टे आवळले. काय बॅग होती! कमरेला पट्टा, छातीला पट्टा, सगळं वजन कमरेवर. मान वर केली, हेल्मेट मोकळं. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून लेकीने टाहो फोडला. बॅग हँडलला अडकवून मी धावले.

पुढचं सोपं आहे. सुमित उतरला. नवी बॅग हँडलला तयार, हाताला वजन रोजचं. बायकोने प्रेमाने भरून ठेवली, असं समजून बिचारा निघून गेला. मला हे कळलं तासाभराने, त्याची जुनी बॅग लॅपटॉप-डब्यासकट खुर्चीत बसलेली दिसली तेव्हा.

त्याच वेळी सासूबाई खोलीतून बाहेर आल्या. "अपर्णा, वरवंटा कुठाय?"

मी म्हटलं, असेल इथेच. स्वतःच्या पायांनी गेलेला नाही, एवढंच मी खात्रीने सांगू शकत होते. पलंगाखाली, फ्रिजमागे शोध सुरू झाला. चार मजल्यांत कुणाकडे वरवंटा नाही, सगळीकडे मिक्सर. मिक्सरच्या भांड्यालाच झबलं घालू का, असं मी सुचवलं, त्यावर सासूबाईंनी पाहिलं ते इथे लिहीत नाही. समोरच्या गुजराती काकूंनी खलबत्त्यातला बत्ता दिला. त्याला टोपडं घातलं तर ते कमरेपर्यंत उतरलं.

तेवढ्यात फोन वाजला. हजीऱ्याच्या गेटवरून सुमितचा आवाज, थंडगार.

"अपर्णा, बॅगेत कोण आहे?"

मी काही बोलायच्या आत सिक्युरिटी साहेबांनी फोन घेऊन, हे काय, म्हणून विचारलं. बेन, आ शुं छे? मी म्हटलं, पथ्थर छे, साहेब. मग पथ्थरने टोपी केम पहेरावी? दगडाला टोपी का, हा प्रश्न त्यांच्या जागी मीही विचारला असता. बॅगेला ओरखडा पडू नये म्हणून, असं घाईघाईत उत्तर दिलं, तर त्यांचा जादूटोण्याचा संशय पक्का झाला!

वाचवलं ते वाल्मिक नावाच्या खानदेशी गार्डने. त्याने तीट पाहिली आणि हसत सुटला. "दादा, तुमना घर बारसं शे का?" मग त्याने साहेबांना हिंदीत समजावलं, आणि सुमितचं काम होईपर्यंत वरवंट्याला स्वतःच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसवून ठेवलं. निघताना सुमितला दम दिला, की बाळाला असं पाठीवर नेतात का. म्हणून सुमितने बॅग छातीशी बांधली आणि तीस किलोमीटर तशीच आणली.

इकडे फोन स्पीकरवर होता. सासूबाई बत्त्याचं टोपडं काढत सगळं ऐकत होत्या. टोपड्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साडेबाराला सुमित दारात. अश्विनीताईंनी भावाला न विचारता आधी वरवंटा काढून घेतला. तो पाळण्यात पडला, मग लेक पडली, आत्याने कानात नाव सांगितलं: केतकी. केतकीने जांभई दिली. माझे मात्र डोळे भरून आले, आणि कारण विचारायला कुणाला वेळ नव्हता. ताई गाडीला पोचल्या.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर सुमित बॅग कुरवाळत म्हणाला, "काही म्हण, बॅग भारी आहे. एवढा दगड जाऊन-येऊन नेला, पण पाठ जराही दुखली नाही."

बोलून गेला, आणि मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. मी लेकीचं डॉक्टरांचं कार्ड आणून पुढे ठेवलं. साडेपाच किलो. सासूबाई वरवंट्याचं टोपडं सोडत म्हणाल्या, "दगड छातीशी धरून आणलास ना तीस किलोमीटर? मग लेक धर तासभर."

तर हा माझा पहिला तास. बाल्कनीत दार लावून हे लिहितेय. दोन्ही हात मोकळे, चहा गरम. अकरा मिनिटं झालीत, आणि आतून सुमितची किंकाळी आली आहे.

बॅग वॉटरप्रूफ आहे, हे मी नळाखाली धरून तपासलं होतं. नवऱ्याचं तपासायचं राहिलं.