गोजराबाई कासारणीने नाजुकाबाईस अस्मान दाखविले त्याची हकीकत

श्रीमारुती मल्लांचा धनी, त्याचे पायी डोई ठेवून लिहितो की, पुढील मजकूर कोणी खरा मानणार नाही. मानूही नये. आम्ही डोळ्यांनी पाहिला आणि आमचाच विश्वास बसेना, मग तो दुसऱ्याकडे मागणे न्यायाचे नव्हे. शके सत्राशे अकरा, सौम्य नाम संवत्सर. नाव सौम्य, परंतु त्या साली सौम्य असे काहीएक घडले नाही.

एक राज्य होते. नाव सांगत नाही, सांगितले म्हणजे तेथील लोक भांडावयास येतात. त्या राज्यात एक कासार बायाबापड्यांस बांगड्या भरीत असे आणि त्यास एक कन्या, गोजराबाई. ती पाळण्यात असता लाथा झाडी तेणेकरून पाळण्याच्या दोऱ्या तीन वेळा तुटल्या, आणि चौथे वेळी साखळ्या लावल्या तो घराचे आढेच मोडले, मग कासाराने हात जोडिले आणि लेकीस मैराळबा वस्तादांचे तालमीत नेऊन घातली. मैराळबांचे पदरी साठ शागिर्द, एकाहून एक वाघ, आणि त्यांपैकी एकासही वस्तादांनी उभ्या जन्मात शाब्बास म्हटले नव्हते. त्यांचे मत असे की, शाब्बास कानी पडले की पैलवान सैल पडतो, मग तो घोंगडी पांघरवून बसवावा, दुसऱ्या कामाचा नाही. आणि गोजराबाईस पुढे सरकारातून पागोटे मिळाले, चांदीचे कडे मिळाले, गावोगाव कमानी उभ्या राहिल्या, परंतु बाईंचे ध्यान त्या एका शब्दावर. तो वस्तादांचे तोंडून ऐकावा, मग डोळे मिटले तरी चालतील, ऐसा हेत.

पहिले साली दक्षिणेकडील एक नामांकित मल्लीण आली, तीस बाईंनी ढाक नामे डाव मारिला, ती सरहद्दीपलीकडे जाऊन पडली आणि तिकडील नाकेदाराने तिजपाशी दस्तक विचारिले. लोकांनी फेटे उडविले. वस्ताद म्हणाले, "डावा पाय उशिरा आला." दुसरे साली सात जणी एके दिवशी चीत केल्या, मधल्या वेळात वेणीही घातली. वस्ताद म्हणाले, "सातवीस हसलीस का?" तिसरे साली एक मल्लीण बाईंचा नुसता शड्डू ऐकून आपण होऊनच पाठ टेकती जाहली. वस्ताद म्हणाले, "उन्हाचे बसू नकोस, घरी चल." ऐसी तीन साले गेली.

मग चौथे साली राजधानीस मोठे मैदान भरले. तेथे दोनच जोड्या लाविल्या होत्या, एक सव्वा मणापर्यंतची आणि दुसरी त्यावरची, आणि मल्लीण तराजूत बसवून जोखावी, गुंजभर जास्त भरली तरी वरच्या जोडीत घालावी, ऐसा सरकारचा हुकूम. वरच्या जोडीत एकच नाव होते, शेजारच्या दौलतीतील नाजुकाबाई. तिची पालखी बारा भोई उचलीत आणि दर कोसास भोई बदलीत, दोन कोसांस पालखी बदलीत. तिजपुढे कोणी उभे राहत नसे म्हणून ती गेली पाच साले बसल्या जागी जिंकत होती. गोजराबाई सव्वा मणास बरोबर. तेव्हा आपण एक दिवस आधी पुढे निघतेसमयी वस्ताद इतकेच बोलिले, "वाटेत खाऊ नकोस."

बाई कूच करून निघाल्या आणि पहिल्या गावी लोक ताटे घेऊन आडवे आले, त्यांस हात जोडिले. दुसऱ्या गावी पोट दुखते म्हणाल्या. तिसऱ्या गावी एकादशी सांगितली, वास्तविक ती नवमी होती. चौथ्या गावी एका म्हातारीने मांडे केले होते, रुमालासारखे पातळ, आणि ती उंबऱ्यात बसली.

"दोन घास खा, माझे बाई."

"वस्तादांची आज्ञा नाही, आजी."

"मग मीही खात नाही. उपाशी मरेन, आणि ते पाप तुझ्या वस्तादाचे डोईवर."

बाईंस आपले मरण चालले असते, वस्तादांस पाप कसे चालावे? पाट मांडिला, एक मांडा खाल्ला, मग म्हातारी म्हणाली एक खाऊ नये, तेव्हा दुसरा, मग विषम बरा नव्हे आणि सम बरा नव्हे ऐसे करीत एकोणीस मांडे जाहले, वर दूध, त्यावर तूप.

राजधानीस तराजूत बसल्या तो पारडे खाली. कारकुनाने दोन वेळा जोखिले, मग लेखणी कानावर ठेवून म्हणाला, "बाई, वरची जोड." वस्तादांनी बाईंकडे पाहिले.

"किती?"

"एकोणीस."

"तूप?"

"होते."

वस्तादांनी पाठ फिरविली आणि ती पाठ बाईंस शंभर काठ्यांसारखी लागली. आता हरली तर तो शब्द या जन्मी नाही, हे समजोन बाई कुस्तीचे हौद्यात उतरल्या. समोर नाजुकाबाई उतरल्या तेव्हा हौदा अर्धा भरला. सलामी जाहली आणि नाजुकाबाईंनी पहिल्याच झटक्यात दोन्ही मनगटे धरिली, ऐसी धरिली की बोटे निळी पडली, आणि त्या पकडीतून आजवर कोणी सुटले नव्हते. बाईंनी ओढून पाहिले, मुरगळून पाहिले, मग डोळे मिटले आणि बापाचे दुकान आठविले. बाप गिऱ्हाइकास काय सांगे? हात ताठ धरू नये, अंगठा तळव्यात घ्यावा, श्वास सोडावा, मग बांगडी आपण होऊन जाते. बाईंनी अंगठे आत घेतले, हात मेणासारखे सैल सोडिले, आणि नाजुकाबाईंची मूठ ही एक मोठी बांगडी ऐसे मानून दोन्ही हात अल्लद काढोन घेतले. नाजुकाबाई रिकाम्या मुठी पाहत राहिल्या, इतक्यात बाई खाली शिरल्या, खांदा दिला आणि उचलिले.

नाजुकाबाई वर गेल्या. इतक्या वर गेल्या की घारी बाजूस सरल्या, आणि महाराजांनी वाट पाहिली, मग थाळा मागविला, जेवले, विडा घेतला, आणि तेव्हा त्या खाली आल्या, दोन्ही खांदे एकदम मातीस. नगारे वाजले, हत्तींनी सोंडा उचलिल्या. नाजुकाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "बाई, वरून तुमचा मुलूख फार हिरवा दिसतो हो." आणि दोघीही हसल्या. मग मैराळबा उठले, गर्दी दुभंगून आले, गोजराबाईंचे पाठीवर थाप दिली आणि गहिवरोन म्हणाले, "शाब्बास."

"खोटे."

हा मजकूर आम्ही धर्मशाळेचे ओसरीवर पंचवीस असामींस सांगत होतो. बोलली ती खांबापाशी शेंगा फोडीत बसलेली एक म्हातारी. दोन्ही कान चुरगळलेले, हौद्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे असतात तैसे.

"आजी, घारींवर गप्प बसलात," आम्ही म्हणालो.

"घारींचे काय, असतील सरल्या. मी खाली होते, वर पाहायला सवड कुठली? पण तो शाब्बास म्हणाला नाही."

सारी ओसरी तिजकडे सरकली.

"मग काय म्हणाले?"

"त्या दिवशी काही नाही. घरी आलो. दुसरे दिवशी सकाळी तालमीत गेले तर साठ शागिर्द भिंतीस लागून उभे, आणि म्हातारा हौद्यात, हातात खोरे. माती उकरायची ती शागिर्दांनी. वस्ताद खोऱ्यास हात लावीत नाही, कुठल्याच तालमीत नाही. सत्तरीचा माणूस, घामाने भिजला होता. सगळा हौदा उकरला, ढेकूळ दिसले ते बोटांनी चुरले. मग काठावर चढला, खोरे भिंतीस टेकले आणि मला म्हणाला, 'उतर.'"

इतके बोलोन तिने पदरातील टरफले झाडिली.

तात्पर्य, बखरीतून शाब्बास हा शब्द खोडिला आहे. बाकीचा मजकूर, घारींसुद्धा, आजींचे रुकाराने कायम.