कोपऱ्याच्या खोलीवरील मोहीम

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवून, जैसे घडले तैसेच लिहितो. पदरचे काही घातले नाही.

शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरे, वैशाखमासी, खालापूर प्रांती अष्टविनायकाच्या यात्रेकरूंची एक धर्मशाळा होती, आणि तिचा कारभार सुटीपुरता बिनपगारी पाहावयास कर्जतचे इतिहासाचे मास्तर, राजमान्य राजेश्री शरच्चंद्रपंत गोगटे, स्वसंतोषे दाखल जाहले. येताच फर्मान सुटले की, येथून निघणारा यात्रेकरू घरच्यासारखा निघावा, हातावर दही पडल्यावाचून कोणी उंबरठा ओलांडू नये, आणि दही पडल्यावर कोणी मागे फिरू नये. मुदपाकखान्याच्या मुखत्यार गौराबाई म्हणाल्या, "मास्तर, दह्याचं मडकं एकच हाय." पंतांनी ते मनावर घेतले नाही.

ऐशात वर्तमान आले की, पंचमीस सायंकाळी यात्रेच्या गाडीतून पंतांच्या सासूबाई, कन्या द्वारकाबाई, म्हणजे पंतांचे कुटुंब, यांसह मुक्कामास येतात. मागल्या दिवाळीत सासूबाईंनी भर पंगतीत, "जावईबापूंना पाहुणचार तेवढा जमत नाही हो," ऐसा शेरा मारिला होता, तो पंतांच्या काळजात भाल्याप्रमाणे रुतून होता. सबब, धर्मशाळेतील एकुलत्या एका विजेच्या पंख्याची कोपऱ्याची खोली त्यांस नजर करून तो डाग धुवावा, ऐसा मनसुबा ठरला.

परंतु त्या खोलीत पेणचे अप्पा दामले ठाण मांडून होते. अप्पा रोज सकाळी वळकटी बांधीत, आणि मग म्हणत, "चार घास खाऊन निघतो," आणि मग मडक्यातील उरलेले दही भातावर घेऊन फस्त करीत, आणि मग निघते वेळी रिकाम्या मडक्यात डोकावून बहुत खेदाने म्हणत, "आता दह्यावाचून कसा निघू? दंडक आपलाच," आणि वळकटी पुन्हा सोडीत. याप्रमाणे गनीम आमचाच दारूगोळा भक्षून आमच्याच किल्ल्यात सुखरूप राहिला.

पंचमीची सकाळ उजाडली. पंतांनी मसलत केली की, मडके सरपणामागे दडवावे, जेवते वेळी दही संपले ऐसे सांगावे, आणि अप्पा निघते वेळी ते बाहेर काढावे. गौराबाईंनी कानांवर हात ठेविले. "देवाच्या दारात खोटं नाय बोलायची मी. मागितलं तर वाढीन. तुमी बोला हवं तर." पंतांसही धाडस जाहले नाही, आणि मसलत बारगळली.

दोन प्रहरी पंगत बसली. पाने वाढून जाहली, आणि अप्पांनी रिवाजाप्रमाणे, जेवणाआधी आपोशनाचे पाणी घ्यावयास, डोळे मिटून, ओठ पुटपुटत, उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला. ही संधी पंतांनी अचूक हेरिली. पाण्याचा तांब्या बाजूस ठेवून त्यांनी मडक्यात पळी बुडविली, आणि थंडगार दही अप्पांच्या तळहातावर ठेविले.

गौराबाई कमरेवर हात ठेवून वदल्या, "झालं! अप्पा, हातावर दही पडलं. उठा आता."

अप्पांनी डोळे उघडून तळहाताकडे पाहिले. मग दही चाटले, वळकटी उचलली आणि भाताला न शिवता किल्ला खाली करून दिला.

सायंकाळी गाडी आली. पंतांनी सासूबाईंस वाजतगाजत खोलीत नेऊन स्वहस्ते पंखा चालू केला. सासूबाईंनी वर पाहिले. "अगं बाई, पंखा? वाऱ्यानं माझे सांधे धरतात. ओसरीवर घाला माझं अंथरूण."

"मला आधी विचारलं असतंत तर?" द्वारकाबाई म्हणाल्या.

पंत समोरच्या एस.टी.च्या थांब्याकडे गेले. पेणची एस.टी. अजून आली नव्हती. अप्पा वळकटीवर उपाशी बसून होते.

"अप्पा, खोली रिकामी आहे. चला."

"छे! दही पडल्यावर मागं फिरू नये. दंडक म्हणजे दंडक, मास्तर."

आपलेच फर्मान आपल्यावर बजावले गेलेले पाहून पंत माघारी वळले, आणि मग ताजा भात, वरण आणि मडक्याच्या तळाचे दही ऐसे ताट घेऊन पुन्हा थांब्यावर गेले, आणि अप्पा जेवेतो कंदील धरून उभे राहिले.

हा प्रकार सासूबाई ओसरीवरून पाहत होत्या. "द्वारके, बघ गं," त्या वदल्या, "गाडीची वाट पाहणाऱ्यालासुद्धा ताट नेऊन देतात! जावईबापू सुधारले हो."

येणेप्रमाणे डाग धुतला गेला, गनीम शेवटच्या एस.टी.ने पेण प्रांती रवाना जाहला, आणि कोपऱ्याची खोली फत्ते जाहली. आत कोणी निजले नाही. पंखा मात्र सकाळपावेतो फिरत होता.