अर्ध्या पायरीचा प्रस्ताव

बिबवेवाडीतल्या सुखनिवास सोसायटीने दारात नवा ग्रॅनाइट बसवला आणि खालची शेवटची पायरी गुडघ्याएवढी उंच झाली. सोसायटीतल्या एकुलत्या एक ज्येष्ठ, पहिल्या मजल्यावरच्या मथुराबाई कठडा धरून जिना बिनघोर उतरायच्या, पण आता त्या पायरीपाशी त्यांचं घोडं अडलं. रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर त्यांची मैत्रीण वेणूबाई रोज वाट बघायची, आणि ती तर आता कायमची लोणी काळभोरला लेकाकडे निघाली होती. जायच्या आधी तिच्याशेजारी पोटभर बसावं, एवढीच मथुराबाईंची इच्छा. त्यांनी सेक्रेटरी इंद्रजीत शितोळे यांना गाठलं.

"अहो, तिथे अर्धी पायरी बांधून द्या. चार विटांचं काम आहे."

इंद्रजीतराव गंभीर झाले. "आजी, हा ज्येष्ठांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. विटा लावून त्याची थट्टा नको."

झालं. संध्याकाळपर्यंत ज्येष्ठ सुरक्षा समिती स्थापन झाली. समितीत ज्येष्ठ एकही नव्हता, कारण सभा गच्चीवर होती आणि ज्येष्ठांनी गच्चीवर चढणं धोक्याचं. उत्कर्षा मॅडम नावाच्या सल्लागार आल्या. त्यांनी पायरीचा फोटो काढला आणि निदान केलं की दोष पायरीत नाही, बाहेर जाण्यात आहे. सबब ज्येष्ठांनी घराबाहेर पडू नये, असा ठराव झाला.

मथुराबाई मुकाट्याने घरात बसल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमचा पुढचा अहवाल आला. म्हातारी माणसं सगळ्यांत जास्त पडतात ती घरातच, त्यातूनही न्हाणीघरात. सबब ज्येष्ठांनी घरातही थांबू नये, अशी ठरावाला दुरुस्ती झाली.

"अगं बाई, मग मी जाऊ कुठे?"

"घर आणि बाहेर यांच्या मधोमध," मॅडम म्हणाल्या.

मथुराबाईंची खुर्ची दाराबाहेर मांडली गेली. त्यावर हरकत आली की आग लागली तर वाट मोकळी हवी. मग समितीने बेंगळुरूला त्यांच्या मुलाला, रणजितला, फोन लावला. तो गहिवरला. "आईच्या सेफ्टीबाबत नो कॉम्प्रमाइज. फक्त सध्या आमच्याकडे जरा शिफ्टिंग चाललंय." शेवटी मथुराबाईंसकट खुर्ची खाली नेऊन त्याच पायरीच्या काठावर ठेवली. शेजारी फलक लागला: 'सुरक्षित ज्येष्ठ. हात लावू नये.'

एवढ्या कामगिरीनंतर सोहळा हवाच. पाहुणे, शाल, नारळ, सगळा थाट झाला. पाहुण्यांची रीघ लागली असतानाच वेणूबाईंची रिक्षा दारात येऊन थांबली.

"मथुरे, निघाले गं. वर आले असते, पण पायरी लई उंच हाय."

"आणि मला खाली यायला तेवढीच उंच आहे, बाई."

एकीने खुर्चीतून आणि दुसरीने रिक्षातून हात पुढे केला, तर बोटं बोटांना टेकेनात. मथुराबाईंचे डोळे भरून आले. मधून पाहुणे मंडळी टणाटण उड्या मारत पायरी चढत होती आणि जो तो मायेने बजावत होता, "आजी, जपून हं."

दहाव्यांदा जपून ऐकल्यावर मथुराबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी पदर खोचला, काठावर बसकण मारली, पाय खाली सोडले आणि सर्रकन घसरल्या. ग्रॅनाइट गुळगुळीत होता, एवढा एक गुण त्याच्यात निघाला. त्या थेट वेणूबाईंच्या मिठीतच पोचल्या, आणि हसता हसता दोघींना ठसका लागला.

"आजी, काय हे! आता वर कशा चढणार?" इंद्रजीतरावांना घाम फुटला.

"चढतंय कोण? वेणू, सरक गं पलीकडे."

रिक्षा सुटली. समितीने तातडीची सभा घेतली आणि नोंद केली की सोसायटीत आता एकही ज्येष्ठ असुरक्षित नाही, कारण ज्येष्ठच उरलेला नाही. टाळ्या झाल्या. आणलेली शाल वाया जाऊ नये म्हणून ती इंद्रजीतरावांना घातली.

आणि हसताय काय? तुम्हीही होतात की तिथे, पायरीला अगदी खेटून. दोन्ही हातांत मोबाईल धरून आजींच्या घसरगुंडीचा व्हिडिओ काढत होतात. हात मोकळा नव्हता, म्हणून तुम्ही बिचाऱ्यांनी तोंडाने होईल तेवढी मदत केलीत. म्हणालात, "जपून हं, आजी."