बर्फाच्या दोन लाद्या

तीस किलोमीटर पळून अर्पिता दारात आली आणि पायरीपाशीच अडली. पाय तिचेच होते, पण ऐकायला तयार नव्हते. शेवटी नवऱ्यानं, रणधीरनं, हात धरून तिला आत घेतलं.

"पायरी चढंना, आन् म्हणं बेचाळीस पळनार," तो म्हणाला.

"पळनारच. बर्फाच्या पाण्यात धा मिंटं बसलं की पाय मोकळे होत्यात. मोठेमोठे पळनारे तेच करत्यात, मी मोबाईलवर बघितलंय."

दिवाळीआधीच्या रविवारी धाराशिवला मॅरेथॉन होती. कॉलेजात मैदान गाजवलेली अर्पिता लग्नानंतर पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार होती. सासऱ्यांनी, धोंडीबांनी, परवानगी दिली होती, पण अट घालून. "पहाटं अंधारात काय पळायचं ते पळा. पन गावात एका तोंडानं जरी इषय निघाला, तर त्या दिवशी पळणं बंद." धोंडीबांचा शब्द फिरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे गाव जागं व्हायच्या आत अर्पिता पळून येई आणि दिवसभर काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं भाकरी थापी.

फ्रिजमधल्या बर्फानं तांब्यासुद्धा भरेना, तेव्हा रणधीरनं लोहाऱ्याच्या बर्फवाल्या वीरप्पाला फोन लावला. "बर्फाच्या दोन लाद्या घरी टाका. जरा घाई हाय."

पलीकडं वीरप्पानं आवाज खाली आणला. "आलोच," एवढंच म्हणाला.

आता लग्नसराई नव्हती, घरात कार्य नव्हतं. अशा दिवसांत कुणाच्या घरी बर्फाच्या लाद्या उतरल्या तर त्याला एकच कारण असतं: पुण्याची लेकरं पोचेपर्यंत मयत नीट राहावं. हे वीरप्पाला ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. फक्त रणधीरच्या डोक्यात आलं नाही, कारण त्याच्या डोक्यात बायकोचे पाय होते.

वीरप्पानं भुशात गुंडाळलेल्या लाद्या ओसरीवर ठेवल्या. धोंडीबांची रोजची बाज रिकामी होती. त्यानं ती पाहिली, टोपी काढली, रणधीरच्या खांद्यावर हात ठेवला आणि पैसे न घेताच निघून गेला.

"लई भला माणूस," रणधीर म्हणाला.

धोंडीबा सोयाबीन काढायला शेतात गेले होते आणि त्यांचा मोबाईल घरात चार्जिंगला होता. सासूबाई, धुरपदाबाई, लोहाऱ्याच्या बाजारात होत्या. त्यांचं गाव सास्तूर भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. एका टोकाला टेम्पोतून काय उतरलं ते दुसऱ्या टोकाला दिसतं. अर्पिता न्हाणीतल्या पिंपात बर्फ फोडून, दात वाजवत बसली, तोवर अंगण माणसांनी भरलं. कुणी बांबू आणले, कुणी मडकं. शेजारच्या सिताबाईंनी फाटकातूनच हंबरडा फोडला.

रणधीर धावत बाहेर आला. "काय झालं?"

"रडून घे," मच्छिंद्रकाकांनी त्याला मिठी मारली. "आतल्या आत ठिवू नगंस."

"अवो, पन कशापायी?"

"धक्का बसलाय पोराला," काका मागं वळून म्हणाले. "पाणी आणा."

"आबा धडधाकट हायती. शेतात गेल्यात."

"मग बर्फ कुणासाठी?"

अर्पिताचं नाव रणधीरच्या ओठांवर आलं, तेवढ्यात त्याला वडलांची अट आठवली. तो गप्प बसला. तो गप्प बसला म्हटल्यावर ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही फिटली.

"धुरपदाबाईला फोन केलाय," काका डोळे पुसत म्हणाले. "जीपनं निघाल्यात. आता फोन उचलंनात."

धुरपदाबाईंचं काळीज नाजूक होतं. डॉक्टरांनी धक्का बसू द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. रणधीरनं मोटारसायकलला किक मारली आणि शेताकडं सुटला. पण रात्री पाऊस झाला होता. गावाबाहेर पडताच काळ्या मातीनं दोन्ही चाकं गिळली आणि रणधीर आडवा झाला.

"बापाला शेतात हुडकाय निघाला आन् चिखलात पडला बिचारा," सिताबाई नव्यानं रडू लागल्या.

हे सगळं न्हाणीत ऐकू येत होतं. बाहेर पडलं तर दोन महिन्यांचं पळणं पाण्यात जाणार होतं. अर्पिता रडकुंडीला आली. पण आत्यांना, सासूबाईंना, काही झालं तर पळून तरी काय करायचं? ती पिंपातून उतरली, ओल्या ट्रॅकपँटवरच बूट चढवले आणि भर दिवसा, अख्ख्या गावादेखत, शेताकडं सुटली.

पाय कुरकुरले नाहीत. बांधावरून ती पळत होती, अंगावरून बर्फाचे तुकडे गळत होते, आणि एवढ्या काळजीतही तिला मनातून आनंद होत होता.

"मामा, चला लवकर," शेतात पोचताच ती म्हणाली. "तुमी गेलात."

धोंडीबांनी विळा खाली ठेवला. "कधी?"

"सकाळी. आत्या यायच्या आत जिवंत दिसाय पायजे."

धोंडीबांनी बैलगाडी जुंपली. चिखलात बैल मोटारसायकलसारखे हट्ट करत नाहीत. पुढं अर्पिता आणि मागं गाडी अशी वरात गावात शिरली आणि त्याच वेळी जीप येऊन थांबली. धुरपदाबाई रडतच उतरल्या. समोर गाडीत नवरा कासरा धरून उभा. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"आख्खं गाव दारात बसलंय," त्या म्हणाल्या, "आन् तुमी शेतात?"

मग बर्फाचा विषय निघालाच. "माझा हाय, मामा," अर्पिता म्हणाली. "तीस किलोमीटर पळून पाय आखडले होते." माणसं एकमेकांकडं बघून कुजबुजू लागली. धोंडीबांनी टोपी सारखी केली.

"इषय निघाला. पळणं बंद."

"करा की बंद," धुरपदाबाई म्हणाल्या. "पन पुढल्या बारीला तुमी मेलात, तर तुमास्नी आणाय कोण जाणार? ह्यो?" आणि त्यांनी चिखलानं माखून परत आलेल्या मुलाकडं बोट केलं.

धोंडीबांनी मुलाकडं पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. मग दारातल्या बांबूंकडं आणि मडक्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"एवढे जण आलात, बरं वाटलं," ते गावाला म्हणाले. "दिवाळीआधीच्या रविवारी आमची सूनबाई धाराशिवला बेचाळीस किलोमीटर पळनार हाय. समद्यांनी यायचं. जो येनार न्हाय, त्यानं माझ्या खऱ्या मयताला बी यायचं न्हाय."

त्या रविवारी सास्तूरमधून जीपा भरभरून गेल्या. शेवटच्या वळणावर अर्पिताचे पाय दगड झाले होते, बसावंसं वाटत होतं. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं ओळखीचे आवाज उठले. मच्छिंद्रकाका, सिताबाई, वीरप्पा, सगळे तिच्या नावानं ओरडत होते, आणि पाय पुन्हा हलले. तिनं रेषा ओलांडली तेव्हा धोंडीबा गर्दी सारून सर्वांत पुढं आले होते.

"कुणाची पोर?" शेजारच्या अनोळखी माणसानं विचारलं.

"आमची सून," धोंडीबा म्हणाले. "म्या मेलो त्या दिवशी पयल्यांदा पळताना बघितली."