रागीट आलू

आमच्या गल्लीत रोज दिवेलागणीला आलूंना राग येतो. आधी लसूण-मिरचीचा ठसका उठतो, मग तीन घरांतून शिंका ऐकू येतात आणि त्यामागून वसंतभाऊजींची हाक, "वहिनी, प्लेट घेऊन या! रागीट आलू तयार हायेत!"

वसंतभाऊजी आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. उभा जन्म मालेगावात विहिरींच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला. बायको, सुमनताई, होत्या तोवर या माणसाने चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं. त्या गेल्या आणि एकुलती एक लेक पिंकी नोकरीला स्पेनमध्ये. तिने फोनवर तिकडचा पदार्थ शिकवला, पटाटास ब्रावास. तळलेले आलू, वर टमाटरची झणझणीत चटणी. ब्रावास म्हणजे रागीट, असं ती म्हणाली. गल्लीने एका दिवसात त्याचं 'पटापट बरबाद' करून टाकलं.

नाव अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या खेपेला आलू बाहेरून कोळसा, आतून कच्चे. भाऊजींना भाषा येते ती एक मोटारीची. "व्होल्टेज जास्त झालं वहिनी, कॉइल जळाली." चटणी पातळ झाली तर, "लोड घेऊन नाही राह्यली." मीठ विसरले तर, "फेज गेला." एकदा तेल तापलं का पाहायला कढईत टेस्टर घालत होते. मी किंचाळले म्हणून थांबले.

मग पिंकी म्हणाली, मिरची धुरावलेली पाहिजे. झालं! भाऊजींनी केनवडच्या बाजारातून लाल मिरच्या आणल्या आणि अंगणात गोवऱ्या पेटवून त्यांना धुरी दिली. समोरच्यांचं वरण उतू गेलं, कारण त्या घरात कोणाला डोळेच उघडता येईनात. आमचे हे टॉवेल तोंडाला गुंडाळून गच्चीवर पळाले.

"काहून पळता हो?" भाऊजी खालून ओरडले. "आलू रागावले हायेत, मी नाही!"

वर शिकवणार मलाच, जिचा जन्म चुलीपुढे गेला! "आलू दोनदा तळा लागते वहिनी. आधी मंद, मंग दणदणीत." मी नाक मुरडलं. पण एका संध्याकाळी आलू खरोखर जमले. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे, आणि चटणी अशी की डोळ्यांत पाणी असूनही हात प्लेटकडेच जातो.

"भाऊजी, जमलं हो!" मी म्हटलं.

"हळू बोला," ते घाबरून म्हणाले, कारण तेवढ्यात पिंकीचा व्हिडिओ कॉल आला होता. तिकडे तिची जेवणाची सुट्टी.

"बाबा, आज कसे झाले?"

"बिघडले वं बाई. आतून कच्चेच. पुन्हा पयल्यापासून सांग."

मी प्लेटमधल्या कुरकुरीत आलूंकडे पाहिलं. पिंकी मात्र आलू कापण्यापासून सांगत सुटली आणि भाऊजी गालाला हात लावून ऐकत राहिले.

फोन संपल्यावर मी कमरेवर हात ठेवले. "धडधडीत खोटं बोलता?"

"पयले फोन यायचा वहिनी. 'बाबा, जेवले का?' 'जेवलो.' खतम." ते झारा पुसत म्हणाले. "आता आलू बिघडले की पोरगी अर्धा घंटा बोलते. तिची माय रागवे ना, तश्शीच रागावते."

मी कमरेवरचे हात खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी कॉल आला तेव्हा मी तिथेच खात बसले होते. पिंकीने मलाच गाठलं.

"काकू, तुमी खरं सांगा. बाबांले अजून जमत काहून नाही?"

फोनमागे भाऊजी झारा हातात धरून माझ्याकडे पाहत होते. मोटार चालू होते की नाही, याची वाट पाहावी तसे. मी प्लेट पदराआड केली.

"काय सांगू माय, नुसते दगड! चांगली खडसाव त्याईले."

पिंकीचा आवाज चढला. भाऊजींनी गॅस बंद केला, स्टूल ओढून फोनसमोर बसले आणि पोटभर बोलणी खाल्ली.