खंडेनवमीची अर्थिंग

अख्ख्या चामराजपेटात जुन्या गाडीची नाडी कळणारा माणूस एकच, आणि तो मी. एकदा बॉनेटला नुसता कान लावून बॅटरीला किती ताप आहे ते मी सांगितलं होतं. ज्यांनी ऐकलं ते आता हयात नाहीत, त्यामुळे पुरावा मागू नका.

आमची गाडी जिथे बनली तो कारखानाही आता उरलेला नाही. अशा गाडीचा जीव अर्थिंगमध्ये असतो. बॅटरीतून निघालेला करंट इंजिनात राबून बॉडीतून घरी परतायला हवा, आणि त्याची परतीची वाट म्हणजे इंजिन आणि बॉडीला जोडणारी एक जाड पट्टी. दरवर्षी तिचा बोल्ट सोडायचा, पॉलिशपेपरने गंज घासून पत्रा उघडा करायचा, पट्टी आवळायची, वर व्हॅसलीन फासायचं. बायकोचा वाढदिवस विसरलो असेन, हे कधी नाही.

आमचा मुलगा प्रणीत हेब्बाळला राहतो. घरी आला की गाडीकडे ताटातल्या केसाकडे बघावं तसा बघतो. गाडीचे कागद मी मोठ्या मनाने त्याच्या नावावर केलेले, त्यामुळे त्याला ऐटीत बोलता येतं. म्हणाला, "अण्णा, खंडेनवमीला पूजेनंतर सुरू झाली तर भंगारात देणार नाही. नाही झाली तर दुसऱ्या दिवशी टेम्पो."

म्हटलं, किल्ली फिरवायचा अवकाश!

त्याच जोशात चिकपेटातून चंदेरी रंग आणला. पट्टी सोडली, बॉनेटखालचं सगळं रंगवलं आणि पट्टी घट्ट आवळली. रंगावरच. शेजारच्या बायका नवी सून बघावी तशा बघून गेल्या.

खंडेनवमीला चाकांखाली लिंबं चिरडायला ठेवली, कोहळा फुटला. प्रणीतबरोबर त्रिविक्रम नावाचा एक गोडबोल्या मित्र आला होता. मी किल्ली फिरवली. वायपर अर्धे उठून परत आडवे झाले. पुन्हा फिरवली, तर हॉर्न खाटेवरच्या म्हाताऱ्यासारखा कण्हला आणि चोकच्या तारेतून धूर निघाला. वाटेत रंग आडवा आला म्हणून करंट बिचारा त्या तारेतून घरी निघाला होता! माझ्या लक्षात आलं. रंग खरवडला की झालं. बोल्ट सोडायचे पाने आणायला धावलो.

पाने देवघरात, गंध-फुलं लावून बसलेले. विळी, कात्री, पक्कड, माझं दाढीचं ब्लेडसुद्धा. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या आधी उचलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. आणि दारात आमच्या सौ. सुनंदाबाई.

"अहो, हात लावून तर बघा."

"उद्या टेम्पो येतोय गं."

"येऊ दे. पानेही उद्याच उठतील."

स्वयंपाकघरात एकच शस्त्र पूजेतून सुटलं होतं. गॅसवर दूध होतं म्हणून सांडशी! त्या सांडशीने मी इंजिनाचा एक उघडा बोल्ट पकडला, दांडा बॅटरीच्या मायनसला टेकवला आणि प्रणीतला म्हटलं, मार सेल्फ. अशी ठिणगी उडाली की पुढच्या गल्लीत दिवाळी समजून पोरं बाहेर आली. सांडशी वितळून चमच्याएवढी राहिली. पण गाडी सुरू झाली. आत दूध उतू गेलं.

प्रणीतने माझ्या पाठीवर थाप मारली. "शब्द म्हणजे शब्द, अण्णा. भंगारात नाही देणार."

"सूपर, अंकल," त्रिविक्रम म्हणाला. "बंद गाडी असती तर मी घेतली नसती."

तो लग्नातल्या फोटोंसाठी जुन्या गाड्या भाड्याने देतो, हे मला तेव्हा कळलं. सुनंदाबाईंनी मान खाली घातली, म्हणजे बाईंना आधीच माहीत होतं.

दसऱ्याला पाने उठले. रंग मीच खरवडला, पट्टी मीच बसवली. लेकीला सासरी धाडताना वेणी घालावी तशी. त्रिविक्रमने पहिल्या सेल्फला गाडी नेली.

परवा हेब्बाळच्या एका लग्नाच्या हॉलबाहेर ती दिसली. गळ्यात हार, शेजारी नवरा-नवरी. फोटो संपल्यावर खिशातला पॉलिशपेपर चाचपत मी हळूच बॉनेट उघडलं. बॅटरीच नव्हती. उभं राहायला कशाला लागते म्हणा! पट्टी एका टोकाने लोंबत होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी कोपर धरलं. मुलीकडचे दिसता, म्हणाला, आणि थेट पंगतीत नेऊन बसवलं. नाही कसं म्हणणार? एका अर्थी मुलीकडचाच होतो.

होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, झकास होती. रसम मात्र स्वल्प पाणचट.