पालीच्या कोंबड्यांस पाणी मिळाले ते वर्तमान

श्री मेंगाई प्रसन्न. शके अठराशे पंचावन्न, वैशाखमासी, भोर संस्थानी मौजे पाली येथे राजगडाचे पायथ्यास जो पाणीसंग्राम जाहला, त्याची हकीकत जैसी अंगणात घडली तैसी लिहिली असे.

धोंडाबाईसाहेबांचे पदरी अखंडितअंडीप्रसवा काळी कोंबडी, तिची पिले आणि एक तुरेबाज कोंबडा ऐसी फौज होती. ऊन मातबर. बाईंनी दूरचे डबक्यातून घागर आणावी आणि मातीचे परळात ओतावी, मग फौजेने परळावर चढाई करून तो पालथा घालावा, आणि पाणी भुईने प्यावे, ऐसे नित्य चालले. एक पिलू भर दुपारी कामास आले. मग बाईंनी शेजारीण चंद्राबाईंकडे कुमक मागितली.

"मावशी, तांब्याभर पानी द्या वो. पिलं तडफडत्यात."

"मानसांस्नी न्हाई, आन् कोंबड्यांस्नी कुठलं गं? बारसं हाय का त्यांचं?"

मग बाईंनी यजमान गेनू यांस फर्मान काढले की, पालथे होणार नाही ऐसे भांडे पैदा करावे. गेनूने आटल्या ओढ्यातील खोलगट काळा धोंडा डबक्यात धुऊन डोईवर घेतला, आणि वहाण तुटली म्हणोन अनवाणी, आणि तोंडात तंबाखूचा ताजा बार, ऐसा भर गावातून कूच केला. "काय आनलं, गेनूबा?" ऐसे ज्याने त्याने पुसले, परंतु बार थुंकणे नामंजूर करून त्याने नुसती मान डोलविली. अनवाणी, मुका, डोईवर धुतला धोंडा! गावाने जाणले की, हा मौन धरून देव आणितो.

दुसरे दिवशी बाई अंगणात मांडल्या धोंड्यात पाणी ओतू जातात, तो त्यास शेंदूर, आणि चंद्राबाई सबंध कळशी रिती करून हात जोडून उभ्या. बाईंचे ओठी खरे आले. तोच पिलाने चोच बुडवून मान वर केली, आणि बाईंनी खरे गिळले.

"आगं, हाकल की कोंबड्या!"

"देवाची राखन हाय ती, मावशी. तुमीच हाकला. कोप झाला तर म्या न्हाई बगनार."

चंद्राबाईंनी माघार घेतली. मग जो गाव तांब्या देईना, तो कळशा घेऊन लोटला. सांजेस धोंडा कोरडा दिसे, आणि देव पाणी पितो ऐसा निवाडा होऊन सकाळी कळशा वाढत. पुढे एकही पिलू कामास आले नाही. धोंड्यास तोंड नव्हते. भोवती चोची मात्र पुष्कळ होत्या. येणेप्रमाणे फौजेची फत्ते जाहली, ती नमूद केली असे.